माणूस मुळात कसा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माणूस जे करतो ते शेवटी स्वतःसाठीच. दुसऱ्याला मदत केली तरी समाधान त्यालाच मिळतं. मग नीतीला अर्थ काय उरतो?

उत्तर : इथे दोन विधानांची सरमिसळ झाली आहे. ‘मदत केल्यावर समाधान मिळतं’ हे एक, आणि ‘समाधानासाठीच मदत केली’ हे दुसरं. पहिलं पुष्कळदा खरं असतं, पण त्यातून दुसरं निघत नाही. इंग्लिश धर्मोपदेशक आणि तत्त्वज्ञ जोसेफ बटलर यांनी १७२६ साली छापलेल्या प्रवचनांत ही गल्लत उलगडून दाखवली. समाधान मिळायला आधी कशाची तरी ओढ असावी लागते. ज्याला दुसऱ्याच्या भल्याशी देणंघेणंच नाही, त्याला ते भलं झाल्याचा आनंद होईल कसा? म्हणजे तुम्ही दिलेला पुरावा खरं तर तुमच्याच विरोधात जातो.

‘इच्छा माझी, म्हणून कृती स्वार्थी’ असं कोणी म्हटलं तर त्याला विचारावं : कसलं वागणं दिसलं तर हे मत सोडाल? उत्तर ‘कसलंही नाही’ असेल, तर ते माणसाविषयीचं निरीक्षण नव्हे, ती ‘स्वार्थी’ शब्दाची नवी व्याख्या झाली. तिच्यात देणारा आणि लुबाडणारा दोघेही बसतात. त्यांच्यातला फरक सांगायला मग दुसरा शब्द शोधावाच लागतो, आणि नीतीचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

आता घटकाभर धरून चालू की माणूस बराचसा स्वार्थी आहे. ‘म्हणून तसंच वागावं’ हे त्यावरून ठरतं का? स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७४० मध्ये बजावलं होतं, की ‘आहे’वरून ‘असावं’वर जाताना मधली पायरी दाखवायला हवी. करून पाहा. युक्तिवाद कागदावर एकाखाली एक लिहा. आधारविधानांत कुठेच ‘पाहिजे’ नाही आणि निष्कर्षात मात्र आहे, असं दिसलं तर गाळलेलं वाक्य शोधा. बहुतेक वेळा ते निघतं, ‘जे स्वाभाविक ते योग्य.’ हे वाक्य उघड उच्चारलं की टिकत नाही, कारण रागाच्या भरात हात उगारणंही स्वाभाविकच आहे.

आणि स्वार्थी माणसालाही नीती टाळता येत नाही. इंग्लिश तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज यांनी १६५१ च्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथात माणसाचं चित्र पुरेसं काळं रंगवलं, पण मरणाच्या भीतीतूनच ते ‘शांतता शोधा, करार पाळा’ या नियमांपर्यंत पोचले.

प्रश्न : प्राचीन चिनी विचारवंतांपैकी मेन्शियस माणसाला मुळात चांगला म्हणतो, शुन्झी वाईट. नीतीच्या दृष्टीने या भेदाने काय फरक पडतो?

उत्तर : ध्येयात फार कमी, रीतीत खूप. मूल विहिरीत पडताना दिसलं की पाहणाऱ्याच्या काळजात चर्र होतं. कौतुक व्हावं किंवा आईबापांशी ओळख वाढावी म्हणून नव्हे. मेन्शियसच्या लेखी हा करुणेचा कोंब. कोंब म्हणजे झाड नव्हे, हे विसरणारे वाचक त्याला भाबडा ठरवतात, आणि तो अन्याय आहे. शुन्झी वाकड्या लाकडाची उपमा देतो : वाफवून, दाबूनच ते सरळ होतं. पहिल्याच्या शिक्षणात जपणूक आणि मशागत, दुसऱ्याच्या शिक्षणात गुरू, विधी आणि शिस्त. मात्र कोणीही सामान्य माणूस सत्पुरुष होऊ शकतो, असं दोघेही सांगतात.

आम्हाला ॲरिस्टॉटलचं म्हणणं अधिक पटतं. सद्गुण निसर्गतः येत नाहीत आणि निसर्गाविरुद्धही येत नाहीत. ते अंगी बाणवण्याची पात्रता आपल्यात असते. सवयीने ती पक्की होते. न्यायाने वागत वागतच माणूस न्यायी होतो. यातला धोकाही तो सांगतो : तंतुवाद्य वाजवूनच वादक चांगला होतो आणि वाईटही. नुसता सराव पुरत नाही, तो योग्य हवा आणि कोवळ्या वयापासून हवा.

प्रश्न : मानवी स्वभाव असं काही नसतंच, असं फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र म्हणतो. मग सगळं चालतं का?

उत्तर : नाही. १९४५ च्या पॅरिसमधल्या व्याख्यानात त्याचा रोख उलटा होता : ‘माझा स्वभावच असा’ ही सबब गेली, म्हणून जबाबदारी पूर्ण माझी. त्याची अडचण निराळी आहे. निवड कोणत्या मापाने करायची, हे तो समाधानकारकपणे सांगू शकत नाही.