उन्हाळ्यात ओढ्यात गळाला भरपूर लागणारे बास मासे ऑक्टोबरमध्ये कुठे जातात? तेव्हा कोणता ल्युअर (नकली आमिष) वापरावा?

ल्युअरचं नंतर बघू. आधी थर्मामीटर घ्या.

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टपर्यंत उथळ, खळाळत्या पाण्यात स्मॉलमाऊथ (लहान तोंडाच्या जातीचे) बास भराभर लागत होते आणि पानं रंगायला लागली तशा त्या जागा ओस पडल्या. मासा तिथे नसेल तर डब्यातले सगळे ल्युअर पालथे घालून काय उपयोग? बासचं शरीर पाण्याबरोबरच थंड होतं. पाणी ६० अंश फॅरनहाइटच्या आसपास असेपर्यंत तो हिवाळ्याची बेगमी करत हावरटासारखा खातो. ५० च्या खाली गेलं की भूकही मंदावते आणि धारेशी झुंजायची ताकदही. मग तो खोल, संथ डोह गाठतो. लहान ओढ्यात असा डोह नसेल तर सरळ खाली नदीपर्यंत उतरतो. तुमचा ओढा अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पोटोमॅक नदीला मिळतो म्हणता, म्हणजे बरेचसे तिकडेच सरकले असणार. (पोटोमॅकमध्ये हा मासा मूळचा नव्हेच. १८५४ मध्ये ओहायोच्या खोऱ्यातून रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत घालून तो मेरीलँडमधल्या कम्बरलंडला आणला गेला.)

तेव्हा संगमाच्या बाजूने सुरुवात करा आणि डोह शोधत वर या. डोह सापडला की मधोमध गळ टाकत बसू नका. वरची धार जिथे खोल पाण्यात शिरून मंदावते ती कड, बुडालेले मोठे दगड, आडवं पडलेलं झाड, या जागा आधी धुंडाळा. पहाटे उठायची हौस उन्हाळ्यापुरती ठेवा. या दिवसांत मी दुपारी जातो, कारण दिवसभराच्या उन्हाने पाणी दोन-तीन अंश जरी वर आलं तरी मासा हलतो.

आता ल्युअर. ओढ्यातल्या स्मॉलमाऊथचं आवडतं खाणं क्रेफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा जीव), म्हणून तपकिरी किंवा शेवाळी रंगाचा ट्यूब (मऊ, पोकळ नळीसारखा ल्युअर), नाहीतर छोटा जिग (शिशाच्या डोक्याचा गळ). वजन एक अष्टमांश औंस पुरे. तळावरून ओढायचा, थांबायचं, परत ओढायचा. थांबणं वाटतं त्याहून जास्त वेळ हवं. जर्कबेट (हिसके देत ओढायचा, माशाच्या आकाराचा ल्युअर) उत्तमच, पण त्याचे तीन फाट्यांचे गळ या मोसमात मासे कमी आणि पानं जास्त पकडतात. एकेरी गळाचा जिग बरा. जोराचा पाऊस झाला की काठावरची सगळी पानं ओढ्यात येतात; तेव्हा एक-दोन दिवस घरीच बसा.

पाऊस नसेल तर पाणी आटलेलं आणि काचेसारखं नितळ असतं. सहा पौंडांचा ताण सोसणारी फ्लुरोकार्बन लाइन (पाण्यात सहज न दिसणारा दोरा) लावा, लांबून टाका आणि डोहाच्या पाण्यावर तुमची सावली पडू देऊ नका. झटक्याची वाट पाहू नका. थंड पाण्यातला बास हिसका देत नाही, लाइन नुसती जड होते. पान अडकलं असं वाटलं तरी हलकेच रॉड उचलून बघा. बऱ्याचदा ते पान नसतं.

परवाना आणि मापाचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. पोटोमॅकचं मुख्य पात्र व्हर्जिनियाच्या काठापर्यंत मेरीलँडच्या हद्दीत येतं, त्यामुळे ओढ्यातून नदीत उतरताना राज्य बदलू शकतं. निघण्याआधी दोन्हीकडचे नियम बघा. थंड पाण्यात एकटे फार खोल शिरू नका. घसरून भिजलात तर पाय लवकर बधिर होतात.

आणि माझं ऐकाल तर मासा सोडून द्या. ओढ्यातला बास बारा इंचांचा व्हायला चार-पाच वर्षं सहज लागतात, आणि हिवाळ्याच्या तोंडावर कितीतरी अंतरातले मासे एकाच डोहात जमलेले असतात. दोन-चार जणांनी ठरवलं तर तो डोह एका मोसमात रिकामा होतो.