बॅरलला विचार

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. 10 मीटर एअर रायफलच्या साठ शॉटच्या सरावात 618 गुण होत होते, पेलेटचा, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्यांचा, नवा डबा उघडला आणि सलग तीन वेळा 613च्या आसपास. मग कुणी म्हणालं 4.49 मिमीची घे, कुणी म्हणालं 4.51ची घे. तू पेलेट बदलली, खांद्याला टेकणारी बटप्लेट हलवली, नेम धरायच्या डायॉप्टरचं छिद्रही बदललं. सगळं एका आठवड्यात! आणि आता विचारतेस, दोष कशाचा?

आधी बटप्लेट आणि डायॉप्टर जुन्या खुणांवर परत आण. त्याशिवाय पुढचं वाचूच नकोस.

आता हिशेब. दहाचा ठिपका 0.5 मिमीचा, आणि दशांशाची प्रत्येक पायरी 0.25 मिमीची. पेलेटचं केंद्र ठिपक्याच्या केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत असेल तर 10.9, अर्ध्याच्या आत 10.8, असं उतरत जातं. तुझी सरासरी 10.3, म्हणजे तुझी पेलेट केंद्रापासून साधारण दीड-पावणेदोन मिमीवर बसते. ती चूक मुख्यतः हाताची, श्वासाची, ट्रिगरची. खराब लॉट, म्हणजे एकत्र बनलेल्या पेलेटची खराब खेप, तिच्यात भर घालतो, पण सरळ बेरजेने नाही, दोन्ही चुकांच्या वर्गांच्या बेरजेने. शिकंज्यात घट्ट धरलेल्या रायफलने दहा शॉटचा ग्रुप, म्हणजे सगळ्यात दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर, केंद्र ते केंद्र 2 मिमी आला, तर साठ शॉटमध्ये अंदाजे तीन-चार गुण जातात. तुझे पाच गेलेत. उरलेला एखाद-दुसरा डब्यावर ढकलू नकोस.

पण ते तीन-चार गुण फुकट का घालवायचे? म्हणून सांगतो, बॅरलला विचार. मैत्रिणीला नको, दुकानदाराला नको, मलाही नको.

डब्यावर 4.50 लिहिलंय म्हणजे काय? पेलेटच्या डोक्याचा व्यास. डोकं बॅरलच्या खाचांमधल्या उंचवट्यांवरून सरकतं आणि मागचा पोकळ घेर हवेच्या दाबाने फुगून बॅरलला चिकटतो. डोकं सैल असेल तर पेलेट किंचित तिरकी निघते. घट्ट असेल तर शिसं जास्त घासतं आणि वेग मागेपुढे होतो. वेगाचं महत्त्व मोजून बघ. 170 मीटर प्रति सेकंदाने निघालेली पेलेट 10 मीटरमध्ये जवळपास 17 मिमी खाली येते. वेग 3 मीटरने कमी झाला की ती आणखी 0.6 मिमी खाली बसते. दोन दशांश गेले, आणि तू मनात ट्रिगरला शिव्या देतेस. त्यातून साच्यागणिक सूक्ष्म फरक पडतो, त्यामुळे एका लॉटचा 4.50 आणि दुसऱ्या लॉटचा 4.50 तुझ्या बॅरलला सारखेच वाटतील असं नाही. आकारापेक्षा डब्यावरचा लॉट नंबर मोठा. तो लिहून ठेवलास का? नसणारच.

चाचणी अशी कर. 4.49, 4.50, 4.51 आणि तुझा जुना डबा, चारही डब्यांतल्या पेलेट 0.53 ग्रॅमच्याच. रायफल शिकंज्यात, हवेचा सिलिंडर भरलेला, कारण दाब खूप उतरला की तो सारखा राखणाऱ्या रेग्युलेटरवर भरवसा नाही. पेलेट बदलली की पहिले दहा शॉट बाजूच्या कागदावर टाकून दे. आधीच्या शिशाचा थर निघून नव्याचा बसायला तेवढे लागतात. बॅरल फेल्टच्या बोळ्याने साफ केल्यावरही तसंच. मग दहा-दहाचे तीन ग्रुप, प्रत्येक ग्रुपला नवा कागद. पाच शॉटचा ग्रुप खोटं बोलतो, तो नेहमी खऱ्यापेक्षा लहान दिसतो. त्याच्या भरवशावर दहा-दहा डबे विकत घेणारी माणसं पाहून मला चीड येते. कॅलिपरने बाहेरच्या कडा माप आणि 4.5 वजा कर. कागद थोडा फाटतो, पण सगळीकडे सारखाच फाटतो, तुलनेला चालतं. तिन्ही ग्रुप 1 मिमीच्या आसपास राहिले तर तो लॉट तुझा. एक 0.7 आणि दुसरा 2.2 आला तर तो लॉट सोड, 0.7च्या मोहात पडू नकोस.

एक शंका तूच काढली होतीस, नवा डबा हातातून पडला होता का? पडलेल्या डब्यातल्या पेलेटचा घेर चेपतो. ट्रेमध्ये उभ्या ठेवून उजेडात बघ, घेर गोल नसेल तर ती सरावालाही नको. पावसाळ्यात पांढरी भुकटी दिसली तर डबा बाद. आणि रेंजवरून आल्यावर हात धुतल्याशिवाय जेवू नकोस, शिसं आहे ते.

नेमबाज स्वप्नील कुसाळे कोणती गोळी वापरतो, हेही विचारलंस. कांबळवाडीच्या त्या मुलाने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला 451.4 गुण करून ब्राँझ आणलं ते 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून. तो खेळच वेगळा, तिथे पॉइंट 22 काडतूस. तिथे वेगात 10 मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला की लक्ष्यावर सुमारे 7 मिमीची उभी चूक होते, आणि दहाचं वर्तुळ आहे 10.4 मिमीचं. म्हणून तिथे लॉट तपासल्याशिवाय कुणी पेटी घेत नाही. पुढे त्या खेळात गेलीस तरी त्याची गोळी तुझ्या बॅरलला चालेलच असं नाही. बॅरलला विचार.

मला लोक वहीवाला म्हणतात, म्हणू देत. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतल्या एकाही लॉटची नोंद माझ्याकडे नाही, आणि त्या काळातले खराब दिवस पेलेटचे होते की माझे, हे आता कधीच कळणार नाही. त्याचीच सल हट्ट होऊन बसलीय. तुला तो जाच वाटला तर वाटू दे.

रविवारी सकाळी सातला रेंजवर ये. चारही डबे आण, झाकणं घट्ट लावून. कॅलिपर माझ्याकडे आहे, वही तुझी आण, कोरी चालेल. बटप्लेटला मात्र हात लावू नकोस.

तुझा,
सर