इन्स्टंट गीझर घ्यायच्या आधी

इन्स्टंट गीझर, म्हणजे पाणी साठवून न ठेवता लगेच तापवून देणारा, घेऊ का असं तू विचारलंस. फोंड्याचं घर, माणसं तीन, तर तो तुला चालेल. पण आधी वायरिंग बघ, मग दुकानात जा. तीन किलोवॅटचा गीझर सुमारे १३ अँपिअर करंट ओढतो. जुन्या कौलारू घरांत न्हाणीपर्यंत बारीक वायर ओढलेली असते, ती तापते. मुख्य बोर्डापासून वेगळी जाड वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा करंट आला की वीज तोडणारा स्विच), चांगलं अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच), यात पैसे वाचवू नकोस. माझ्या घरी सॉकेट वितळलं होतं, म्हणून कळकळीने सांगतोय.

आपल्याकडे एक फायदा आहे. घराच्या टाकीतलं पाणी साधारण २६-२७ अंशांवर असतं, थंडीच्या गावांसारखं बर्फगार नाही. १२ अंश वाढवायचे तर तीन किलोवॅटला मिनिटाला साडेतीन लिटर मिळतं. वीस लिटरची बादली सहा मिनिटांत भरते. बादलीने अंघोळ करणाऱ्याला एवढं पुरे. शॉवरची धार मात्र बारीकच राहील, आणि दोन न्हाण्यांत एकाच वेळी पाणी हवं असेल तर टाकीवाला पंधरा-पंचवीस लिटरचाच घे. पावसाळ्यात वीज सारखी जाते, तेव्हा गीझरच्या टाकीतलं तापलेलं पाणी तेवढं उपयोगी पडतं.

समुद्राजवळच्या विहिरीचं खारट पाणी असेल तर हीटिंग एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) लवकर खराब होतं. आधी पाणी तपासून घे.

गॅसवाला स्वस्त वाटेल, पण बंद न्हाणीत तो कधीच लावू नकोस. गॅस जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू निघू शकतो, आणि त्याला वास नसतो.