न्यायालयाच्या निकालांनी सरकारचे अधिकार खरोखर मर्यादित होतात का?

आपला प्रश्न असा आहे की, न्यायालयाने ताशेरे ओढल्यानंतरही सरकार तेच करत राहिले, तर अशा निकालांनी सत्तेला वेसण बसते असे म्हणता येईल का. माझ्या मते म्हणता येईल. मात्र निकाल सरकारला केवळ दोष देऊन थांबतो की गैरवापरातून होणारा लाभही काढून घेतो, यावर बरेच अवलंबून असते. अध्यादेशांच्या, म्हणजे विधिमंडळाऐवजी सरकारने काढलेल्या तात्पुरत्या कायद्यांच्या बाबतीत हा फरक स्पष्ट दिसतो.

विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज भासल्यास राज्यपाल राज्यघटनेच्या अनुच्छेद २१३ नुसार, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, अध्यादेश काढू शकतात. सभागृह पुन्हा भरल्यावर त्याचा कायदा झाला नाही, तर तो सहा आठवड्यांनी संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर ठेवता येत नसल्याने त्याचे आयुष्य जास्तीत जास्त साडेसात महिने असते. बिहारमध्ये मात्र १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश काढले गेले आणि अधिवेशन संपताच तेच अध्यादेश पुन्हा काढून त्यांतील काही वर्षानुवर्षे जिवंत ठेवले गेले. ऊसपुरवठ्याविषयीचा अध्यादेश तर जवळपास १४ वर्षे चालला. कधी एकाच दिवशी अनेक अध्यादेश पुन्हा जारी झाले. अधिवेशन संपले की शासनाच्या खात्यांना तशी सूचना देणारे परिपत्रक निघत असे, म्हणजे हा अपवादात्मक अधिकार कार्यालयीन रिवाज होऊन बसला होता.

हे उजेडात आणले पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी. सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या याचिकेवर, या बाहेरच्या माणसाचा यात काय संबंध, असा आक्षेप घेतला गेला. घटनापीठाने तो फेटाळला आणि राज्यघटनेनुसार केलेल्या कायद्यांनीच आपल्यावर शासन व्हावे असा आग्रह धरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असे सांगितले. मला या निकालातील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ज्या गैरवापराने कोणा एकाचे विशेष नुकसान होत नाही, त्याविरुद्ध सहसा कोणी दाद मागायला जातच नाही. डिसेंबर १९८६ मधील या निकालात न्यायालयाने ही प्रथा म्हणजे राज्यघटनेशी केलेली प्रतारणा ठरवली, त्या वेळी अमलात असलेला इंटरमीजिएट शिक्षण परिषदेचा अध्यादेश रद्द केला आणि वाधवांना १०,००० रुपये खर्च देण्याचा आदेश राज्याला दिला.

तरीही प्रथा संपली नाही. विधिमंडळापुढे कामाचा फार ताण असल्यास अध्यादेश पुन्हा काढता येईल, अशी सवलत त्याच निकालात होती. शिवाय जुन्या अध्यादेशांखाली जे घडून गेले होते, त्याला त्या निकालाने हात लावला नाही. २०१५ मध्ये भूसंपादनाचा अध्यादेश पुन्हा काढता यावा म्हणून केंद्र सरकारने राज्यसभेची सत्रसमाप्तीसुद्धा करवून घेतली, म्हणजे तिचे अधिवेशन औपचारिकपणे संपवले.

२०१७ मध्ये बिहारच्याच अध्यादेशांवरील कृष्णकुमार सिंह खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने या मुळाशी हात घातला. अध्यादेश सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक आहे, तातडीची गरज असल्याबद्दलचे राज्यपालांचे समाधान न्यायालयीन तपासणीपलीकडे नाही आणि अध्यादेश संपल्यावर त्याखाली मिळालेले हक्क आपोआप टिकत नाहीत, असे बहुमताने ठरले. अध्यादेशाचा परिणाम मागे फिरवणे अशक्य किंवा जनहिताला घातक असेल तरच तो टिकतो. त्यामुळे असा अध्यादेश लांबवून कायमची व्यवस्था उभी करण्याचा मार्ग बराच अरुंद झाला.

अर्थात २०२१ मध्येही केंद्राने दिल्ली परिसरातील हवेच्या गुणवत्तेसंबंधीचा अध्यादेश पुन्हा काढलाच. आणि २०१७ च्या निकालाची झळ सरकारला नव्हे, तर बिहारच्या संस्कृत शाळांमधील शिक्षकांना बसली. १९८९ च्या अध्यादेशाने ४२९ खासगी शाळा सरकारने ताब्यात घेतल्या होत्या, पुढे एकामागून एक अध्यादेश निघाले आणि अखेर कायदा न करताच ते सोडून दिले गेले. दिलेले पगार वसूल करू नयेत, एवढाच दिलासा न्यायालयाने दिला; सरकारी नोकरीचा त्यांचा दावा मात्र मान्य झाला नाही.