मामी सरपंच, मग मामाला का 'सरपंच' म्हणतात?

लाडके चिकू,

तुझा निरोप वाचून मी आधी हसले, मग गप्प झाले. 'ग्रामपंचायतीच्या बोर्डावर मामीचं नाव, पण पारावरचे सगळे मामालाच "या सरपंच" म्हणतात. खोटं कोण बोलतंय?' खोटं कुणीच बोलत नाही गं, गोची तीच आहे.

सोडतीत सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं, तेव्हा मामाचं उभं राहायचं पक्कं झालेलं होतं. मग मामीच्या नावानं फॉर्म भरला. बॅनरवर फोटो मात्र मामाचाच मोठा! १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, तेव्हा पंचायतींमध्ये बायकांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये ते प्रमाण वाढवून निम्मं केलं.

आपल्या जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये माक्स वेबर नावाचा समाजशास्त्रज्ञ शिकवायचा. नेकार नदीपलीकडे त्याचं घर दाखवलं होतं, आठवतंय? तो म्हणायचा, धाकानं ऐकणं वेगळं आणि 'यांचं ऐकायलाच हवं' असं आपणहून वाटणं वेगळं. असं वाटतं ते रीतीमुळे, एखाद्याच्या तेजामुळे किंवा कायद्यामुळे.

तेजाचं सोलापुरात बघ. आजीनं चार हुतात्म्यांचे पुतळे दाखवले असतील. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि शहर असं पेटलं की इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. पुढं जानेवारी १९३१ मध्ये त्या चौघांना येरवड्यात फाशी दिली. गांधीजींकडे ना खुर्ची होती, ना शिक्का.

मामाकडे आहे ती रीत. आपल्या घरात पाटीलकी होती. वंशपरंपरेची पाटीलकी कायद्यानं कधीच गेली, पण पाराला ते कोण सांगणार? कायदा मात्र मामीकडे. पंचायतीच्या चेकवर ग्रामसेवकाबरोबर तिची सही लागते. मामानं कितीही मिशा पिळल्या तरी बँक त्याची सही घेत नाही.

मग ती सभेत गप्प का, असंही तू विचारलंस. समोर बसलेले सगळे तिच्या सासऱ्यांच्या वयाचे. सरपंचानं बोलायचं, सुनेनं पदर सावरून खाली बघायचं, आणि दोघी एकाच खुर्चीत! हे असं बघणं कुणी जन्माला घेऊन येत नाही. मी आठवीत गेले तेव्हा आजीनंच मला बजावलं, पारासमोरून मान खाली घालून जायचं. मामा त्याच रस्त्यानं शीळ घालत जायचा. त्याला कुणी काही शिकवलं नाही, म्हणजे तेही शिकवणंच म्हण की.

गेल्या उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरचे कागद आले. मामानं बोट ठेवलं, 'इथं कर.' मामी म्हणाली, 'आधी वाचते.' अर्धा तास वाचत बसली, ग्रामसेवक उभा, चहा गार. तेव्हापासून शिक्का मामाच्या खिशातून निघून तिच्या पर्समध्ये गेलाय. सही तिनं केली की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. रविवारी गावाला जाशील तेव्हा तिलाच विचार, मामासमोर विचारलंस तरी चालेल.

येताना शेंगाचटणी आण, आणि कडक भाकरी नीट बांधून घे, मागच्या वेळी सगळा चुरा झाला होता.

तुझी,
आई