‘नोस्फेराटू’तला पिशाच उन्हाने मरतो, मग आधी भर दिवसा शवपेटी घेऊन कसा हिंडतो?

‘नोस्फेराटू’ हा एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा १९२२ चा जर्मन मूकपट. तुम्ही पाहिलेल्या प्रतीतला रंग उडालेला आहे. त्यातला पिशाच काउंट ऑर्लोक शवपेटी घेऊन विस्बोर्ग या काल्पनिक शहराच्या रस्त्यांवरून जातो तो प्रसंग रात्रीचाच आहे.

चित्रीकरण १९२१ मधलं, बरंचसं प्रत्यक्ष विस्मार, ल्युबेक आणि स्लोव्हाकियातल्या ओरावा किल्ल्यावर. तेव्हाची फिल्म इतकी मंद होती की रात्री अख्खा रस्ता टिपणं जवळपास अशक्य. म्हणून रात्रीचे बाहेरचे प्रसंग दिवसा घेतले. शिवाय तेव्हाची ऑर्थोक्रोमॅटिक (लाल रंग न टिपणारी) फिल्म निळ्या प्रकाशाने चटकन उजळते, त्यामुळे आकाश पांढरंफटक येतं. याची तोड प्रयोगशाळेत होती: छापलेल्या प्रतीचे तुकडे रंगात बुडवायचे. रात्र निळी, दिवस आणि दिव्याचा उजेड पिवळा, पहाट गुलाबी. उजळ भाग रंग धरतात, काळा काळाच राहतो. पांढरं आकाश निळं झालं की रात्र पटते.

चित्रपट ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून परवानगी न घेता केलेला होता. स्टोकरच्या पत्नीने स्वामित्वहक्कभंगाचा दावा जिंकला आणि १९२५ मध्ये न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. वाचलेल्या प्रतींवरून पुढे कृष्णधवल नकला निघाल्या आणि रंग गेला. या चित्रपटाचं यात फारच नुकसान झालं. स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही फिरू शकतो. ऊन लागून पिशाच नाहीसा होणं ही याच चित्रपटाची भर. नायक हुटरची पत्नी एलेन ऑर्लोकला कोंबडा आरवेपर्यंत रोखून धरते. रात्र आणि पहाट सारखीच करडी दिसली तर तिने कशासाठी जीव दिला हेच पोचत नाही.

मी मुर्नाऊ प्रतिष्ठान या जुने जर्मन चित्रपट जपणाऱ्या संस्थेची २००५-०६ मधली पुनर्संस्कारित आवृत्ती सुचवेन. तिच्यातले रंग पॅरिसच्या सिनेमाटेक या चित्रपट-संग्रहालयातल्या १९२२ च्या रंगीत प्रतीवरून घेतले आहेत आणि साथीला हान्स एर्डमान यांचं पुन्हा जुळवलेलं मूळ संगीत आहे. लांबी सुमारे ९४ मिनिटं.

प्रत उघडली की आधी पात्रांची नावं बघा. ऑर्लोक, हुटर, एलेन यांच्याऐवजी ड्रॅक्युला आणि हार्कर दिसले तर ती जुनी अमेरिकी नक्कल. मग वेळ बघा. सेकंदाला १८ चौकटींच्या हिशेबाने ९४ मिनिटं भरणारा चित्रपट २४ ने पळवला की जेमतेम ७० मिनिटांत आटपतो, आणि ऑर्लोक झालेल्या माक्स श्रेकची ती ताठ, संथ चाल तुरुतुरु होते. किल्ल्याकडे जाणारी घोडागाडी मात्र मुद्दामच वेगवान केली आहे; मध्येच झाडं पांढरी दिसतात तेही निगेटिव्ह वापरल्यामुळे. तो प्रतीचा दोष समजू नका.