पहाटे साडेचारचा विचार

फेब्रुवारी लागला की माझ्याकडे खेळाडू येऊ लागतात. आंतरविद्यापीठ स्पर्धा आटोपलेल्या असतात, विद्यापीठाचा ट्रॅकसूट धुऊन घडी घालून ठेवलेला असतो आणि परीक्षा तोंडावर आलेली असते. येणारे बहुतेक शेवटच्या वर्षाचे. कुणी कबड्डीतला, कुणी कुस्तीतला, कुणी लांब पल्ल्याची पळणारी. छत्रपती संभाजीनगरात समुपदेशक म्हणून बसून गेली अठरा वर्षं मी ऐकते आहे तो प्रश्न मात्र एकच: "मॅडम, पुढच्या वर्षी कॉलेजकडून खेळता येणार नाही. मग मी करू काय?" मागोमाग वडिलांचा: "सात-आठ वर्षं ग्राउंडवर घातली. आता त्याचं काय लोणचं घालायचं का?"

या प्रश्नाला मी बरीच वर्षं चुकीच्या टोकाने भिडत होते. ते कसं कळलं, ते सांगते. मुलीची परवानगी आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तिला रेणुका म्हणू.

रेणुका तुळजापूर तालुक्यातली. धाराशिव जिल्ह्यात खो-खोचं काय वेड आहे, ते बाहेरच्याला पटकन कळत नाही. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय मुलींच्या कर्णधार सारिका काळे धाराशिवच्या. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा त्या तुळजापूरलाच क्रीडा अधिकारी होत्या. साहेबांच्या खुर्चीत बसलेली खो-खोची पोरगी आपल्याच तालुक्याच्या गावी दिसते म्हटल्यावर कोणती लेक पळणार नाही? रेणुका पाचवीपासून पळत होती. बी.ए.च्या तिन्ही वर्षी विद्यापीठाच्या संघात तिची निवड झाली. तिसऱ्या वर्षी सराव शिबिरात खांबाजवळ हुलकावणी देताना पाय मातीत रुतला, अंग वळलं, गुडघा वळला नाही. 'टक' असा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा धरून ठेवणारं आतलं बंधन, तुटलेलं निघालं. नोव्हेंबर 2024 मध्ये शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, वळणावळणाच्या खेळाला निदान नऊ महिने. तोवर कॉलेजच संपणार होतं.

वडील तिला घेऊन आले ते फेब्रुवारीत. सोयाबीन विकून ऑपरेशन केलेलं. म्हणाले, "गुडघा जाग्यावर आला, मॅडम. पोरगी काही जाग्यावर येईना. होस्टेलवर निस्ती पडून राहायली."

मी माझं ठेवणीतलं ज्ञान काढलं. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी आहे. पतियाळाला प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम आहे. पंच परीक्षा आहे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे समदं माहितीय मॅडम. सरांनी सांगितलंय."

दुसऱ्या भेटीत मी माझ्या आवडत्या वाटेने गेले. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर पोसलेली. माणसाला घटनेपेक्षा त्याने घटनेला जोडलेलं वाक्य जास्त छळतं, असं मानणारी. मराठीत तर हे वाक्य पकडायला एक सोय आहे, 'च'. "मी खेळाडू आहे" आणि "मी खेळाडूच आहे" यांत एका अक्षराचा फरक, पण दुसऱ्या वाक्यात खेळ गेला की खाली काही उरत नाही. लोकांच्या बोलण्यातला हा 'च' मला लांबून ऐकू येतो. विद्यार्थी मला मागून 'चच्या मॅडम' म्हणतात, हेही मला ठाऊक आहे.

रेणुका म्हणाली, "खेळलं नाही तर मी शून्यच." मी 'च'वर बोट ठेवलं. हुशार पोरगी. आठवडाभरात तिने सगळे 'च' काढून वाक्यं वहीत लिहून आणली, व्याकरणाच्या गृहपाठासारखी. चेहरा होता तसाच.

तिसऱ्या भेटीत मला उपमा सुचली, आणि उपमा सुचली की समुपदेशकाच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हटलं, "रेणुका, खो-खोत आठ जणी बसलेल्या असतात खो मिळायची वाट बघत. तूही तशीच बसलीयेस. आता कुणाच्या खोची वाट न बघता आपली आपण ऊठ."

तिने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "मॅडम, खो न मिळता उठलं की फाऊल असतो."

त्या दिवशी घरी जाताना मला माझंच हसू आलं. मी आयुष्यात शाळेच्या लेझीमपलीकडे मैदानावर गेलेली नाही. मी हिला मैदानाच्या गोष्टी सांगणार? जे यातून गेलेत त्यांनी हिच्याशी बोलावं, असं तिथे ठरलं. तिला विचारलं, तिची हरकत नव्हती. ओळखीतून तिघं गोळा केले, कॉलेजचा खेळ संपून दहा वर्षांहून जास्त झालेले. एका अटीवर: 'मी कसा यशस्वी झालो' हे भाषण नको. खेळ सुटल्यावरचं पहिलं वर्ष कसं गेलं, तेवढंच बोलायचं.

पहिला कबड्डीतला, आता पोलीस. त्याने कागदांपासून सुरुवात केली आणि कागदांवरच संपवलं, पण त्यातलं अक्षरन्‌अक्षर कामाचं होतं. त्याच्याकडे प्रमाणपत्रांची पिशवी भरलेली होती. भरतीच्या वेळी कळलं की त्यांतली बहुतेक सहभागाची. आरक्षणाला ठराविक दर्जाची स्पर्धा आणि त्यातला क्रमांक बघतात. शिवाय प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून आधी करून ठेवावी लागते. त्याने जाहिरात निघाल्यावर धावपळ केली, पहिली भरती हुकली. दुसऱ्या वेळी तो सर्वसाधारण मुलांसारखा उतरला. "मैदान पन्नास मार्कांचं, लेखी शंभरचं. आम्हाला वाटायचं मैदान मारलं की झालं. पुस्तक न उघडणारे माझे सगळे दोस्त लेखीला गळाले." आजही तो कॉलेजच्या पोरांना एकच सांगतो: प्रमाणपत्र हातात पडलं की त्याच महिन्यात त्यावरची जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग, स्पर्धेचं नाव तपासा. दहा वर्षांनी ती चूक दुरुस्त करायला सही करणारा माणूस सापडत नाही.

दुसरा जालन्याकडचा धावपटू, आता कृषी सेवा केंद्र चालवणारा. पोट सांभाळत खुर्चीत बसला. "पळणं बंद झालं, भाकरी मात्र तेवढ्याच राहिल्या. आई वाढायची, मी खायचो. दोन वर्षांत ओळखू येईना झालो. मग लाजेपायी दोस्तांना भेटायचं बंद केलं." खेळ सुटला की ताट बदलायला हवं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला सांगत नव्हते, अठरा वर्षांत एकदाही. त्याने आणखी एक सांगितलं, ते मी वहीत लिहून घेतलं: कॉलेजात असताना संघाबाहेरचा एक तरी मित्र हवा. संघातले मित्र संघासारखेच पांगतात, आणि भेटले तरी जुन्या मॅचशिवाय विषय निघत नाही.

या दोघांचं रेणुकाने लक्ष देऊन ऐकलं, मान हलवली. बस्स.

तिसऱ्या ताई भूमकडच्या, खव्याच्या मुलखातल्या. विद्यापीठाकडून खो-खो खेळलेल्या. लग्न झाल्यावर खेळ सुटला. त्या फारसं बोलतच नव्हत्या. मी दोनदा विचारलं, "पहिलं वर्ष कसं गेलं?" तर म्हणाल्या, "गेलं की."

मग रेणुकाने, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा, आपणहून प्रश्न विचारला.

"ताई, तुम्हाला पहाटं जाग यायची का?"

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. खोलीत पंखा तेवढा वाजत होता.

"अजून येती," त्या म्हणाल्या. "सोळा वर्षं झाली. साडेचारला डोळा उघडतोच. सासरी पहिल्या वर्षी उठायची अन् अंगण झाडायची. झाडलेलं परत झाडायची. सासूला वाटलं, सून लई कामाची. मला मेलीला कुठं पळायचं तेच कळंना, म्हणून झाडत होते."

रेणुका रडायला लागली. शस्त्रक्रियेच्या दिवशीसुद्धा न रडलेली मुलगी. ताई उठून तिच्याशेजारी बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून राहिल्या. मी काही बोलले नाही. ते न बोलणं मला जमलं, याचा मला थोडा अभिमान आहे. एरवी मी तिथे दोन वाक्यं घुसवली असती.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वडील म्हणायचे ती पडून राहते. ती पडून राहायची, पण झोपलेली नसायची. साडेचारला जाग यायची. शेजारच्या खोल्यांतून बुटांच्या लेसचा, बाटल्या भरल्याचा आवाज यायचा. 'रेणे, येतीस का नुसती बसायला?' म्हणून मैत्रिणी आधी दार वाजवायच्या, मग वाजवेनाशा झाल्या. साडेचार ते सात ती भिंतीकडे तोंड करून असायची आणि 'आता मी कुणीच नाही' हे त्या अडीच तासांत दळलं जायचं. 19 जानेवारीला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाची अंतिम लढत झाली, भारताच्या मुलींनी नेपाळला हरवलं, होस्टेल दणाणून गेलं. ही पांघरूण घेऊन पडलेली. "मला वाईट वाटलं ते वर्ल्ड कपचं नाही, मॅडम. माझ्या तोंडून शिट्टी निघाली नाही, त्याचं वाटलं."

मी तिच्या विचाराला सकाळी अकरा वाजता, माझ्या खोलीत, चहा घेत गाठत होते. तो यायचा पहाटे साडेचारला. वहीतली 'च' खोडलेली वाक्यं तेव्हा कुणाच्या कामाची? माझ्या विचारसरणीत खोट नव्हती, असं मी आजही म्हणेन. पण वाक्य जिथे आणि जेव्हा उगवतं तिथे मी कधी गेलेच नव्हते. खेळाडूंनी भविष्याचा प्रश्न विचारला की मी भविष्याचं उत्तर द्यायचे. खरा खड्डा पहाटेचा असायचा, आणि त्याबद्दल बोलायला कुणाकडे शब्द नसायचे.

"मग तुम्ही काय केलं?" रेणुकाने विचारलं.

"गावात दूध डेअरी निघाली. पहाटं दूध घ्यायला माणूस मिळंना. पाचाला उठणार कोण? मी म्हटलं, मी येते. आता संकलन माझ्याकडंच हाय. फॅट लावते, लिटर लिहिते. कामात मन लागायला वर्ष गेलं, बरं का. पण पहाट लागली कामाला."

यानंतरच्या चार-पाच भेटी थोडक्यात सांगते, कारण त्यांत सांगण्यासारखं फार घडलं नाही; ते व्हायचं ते होत राहिलं. फिजिओने दिलेले व्यायाम ती संध्याकाळी कंटाळत करायची, ते साडेचारवर नेले: टाच ओढून गुडघा वाकवणं, मांडी आवळून धरणं. कॉलेजच्या सरांना सांगून सराव सामन्याला वेळाधिकारी म्हणून बसवलं. पहिले तीन दिवस ती कुंपणाबाहेरूनच परत आली. चौथ्या दिवशी आत बसली. आवडलं का विचारलं तर म्हणाली, "दुसऱ्याच्या लग्नात पंगत वाढल्यागत वाटतंय." मी म्हटलं, वाटू दे. बी.ए.चे पेपरही दिले, बरे गेले. मे महिन्यात तिने सहज एक वाक्य बोलून टाकलं, "मी खो-खोवाली हाय, पण आता जरा गणितबी बघायलेय, लेखीसाठी." त्यात 'च' नव्हता. मी तिच्या लक्षात आणून दिलं नाही.

आता माझ्याकडे जो खेळाडू येतो, त्याला मी आरक्षण आणि बी.पी.एड. दुसऱ्या भेटीत सांगते. पहिल्या भेटीत विचारते: जाग किती वाजता येते, तेव्हा खोलीत कोण असतं, पहिल्या तासात काय करता. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असणाऱ्यांनी तर वाट बघूच नये. हंगाम सुरू असतानाच महिन्यातली एखादी पहाट खेळाविना काढून बघा, कसं वाटतं ते. दुखणं लपवू नका. रेणुकाचा गुडघा निवडीआधी पंधरा दिवस कुरकुरत होता आणि संघातून नाव जाईल म्हणून ती गप्प राहिली. कुणाचाही गुडघा तसाच तुटेल असं नाही, पण गप्प बसण्याची सवय पुढे मनाच्या दुखण्यालाही लागते. आणि आपल्या कॉलेजचे जुने खेळाडू शोधून काढा. सत्काराला येणारे नकोत, ते ठरलेलं बोलतात. डेअरीवर, दुकानात, चौकीत भेटणारे शोधा.

आईवडिलांना एवढंच: "आता पुढं काय?" हा प्रश्न जेवणाच्या ताटावर विचारू नका. आणि अविनाश साबळेंचं नाव जपून घ्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा मुलगा 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, रौप्य 8 मिनिटं 11.20 सेकंदांत घेऊन आला, याचं आम्हा सगळ्यांना कौतुक आहे. पण ज्या पोराचा खेळ काल थांबला, त्याला हे उदाहरण उजेडापेक्षा चटका जास्त देतं.

रेणुकाच्या वडिलांना हे मी दोनदा सांगितलं होतं. तरी जुलैत त्यांचा फोन आला. मोनॅकोच्या शर्यतीत साबळे पाण्याच्या अडथळ्याशी पडले, त्यांचंही एसीएल गेलं, शस्त्रक्रिया झाली, ही बातमी त्यांनी वाचली होती. आवाज रडवेला. "मॅडम, साबळेचा बी गुडघा गेला बघा. आपल्या रेणीगतच."

मागून रेणुकाचा आवाज आला. ती भरतीचा अर्ज भरायला गावी आली होती. "अण्णा, त्यांना म्हणावं पहिले पंधरा दिवस पाय वाकत नाही, घाबरायचं नाही. अन् फोन ठेवा, मोटर चालू राहिलीय."